फॉर्म पुष्कळ झाले, आता आयसीयूचा हिशेब द्या

ऑगस्ट उजाडला की अवयवदानाच्या रॅल्या निघतात. नर्सिंग कॉलेजची मुलंमुली, डोक्यावर टोप्या, हातात फलक, पुढे पालिकेचा कुणी पदाधिकारी, शेवटी सामूहिक शपथ आणि मग वडापाव. दिल्लीच्या एम्समध्ये ३ ऑगस्ट १९९४ रोजी डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. त्या तारखेवरून २०२३ पासून हा दिवस अवयवदान दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, २०१६ साली, महाअवयवदान अभियान काढलं होतं. आता आधार क्रमांक टाकला की बसल्या जागी मोबाइलवर संकल्प नोंदवता येतो. उत्साहाला तोटा नाही.

वर्षाखेरीस हाती काय लागतं? २०२३ मध्ये महाराष्ट्रात मरणोत्तर अवयवदान झालं ते दीडशेच्या आसपास व्यक्तींचं. लोकसंख्या बारा कोटींच्या वर. अख्ख्या भारतात त्या वर्षी असे दाते १,०९९ होते. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत, तिथे त्याच वर्षी २,३४६. स्पेन राहू द्या, तेलंगण आपल्यापेक्षा कितीतरी लहान राज्य, तेही त्या वर्षी आपल्या बरंच पुढे होतं.

हे आकडे मांडले की ठरलेलं उत्तर येतं: लोकांत जागृती नाही, अंधश्रद्धा फार, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईन असं म्हणतात. मला हे उत्तर आळशी वाटतं. देहदानाच्या चळवळी इथे वर्षानुवर्षं चालू आहेत, नेत्रदानाची पत्रकं लग्नाच्या मांडवात वाटली जातात, रक्तदान शिबिराशिवाय गणेशोत्सव पुरा होत नाही. अशा समाजाच्या माथी सगळं खापर फोडणं सोयीचं असतं, कारण मग रुग्णालयांना आणि सरकारला काही विचारावं लागत नाही. माझं म्हणणं असं की घोडं अडतं ते लोकांच्या मनात कमी आणि अतिदक्षता विभागाच्या दारात जास्त.

मुळात मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं कधी देता येतात, हे शपथ घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? घरी, झोपेत, पिकल्या वयात गेलेल्या माणसाचं हृदय कुणाला बसवता येत नाही. आपल्याकडचं जवळपास सगळं मरणोत्तर अवयवदान होतं ते मेंदूमृत व्यक्तीचं. अपघातात डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला, माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे, श्वास चालवणारा मेंदूचा बुंधा कायमचा बंद पडलाय, पण यंत्राच्या आधाराने श्वास चालू आहे आणि हृदय अजून धडधडतंय. अशा थोडक्या तासांतच हे शक्य असतं. त्या वेळी संकल्पपत्र खिशात असो वा नसो, शेवटची सही नातेवाइकांची लागते. आपण हौसेने भरतो तो २०१४ च्या नियमांतला ७ नंबरचा नमुना. प्रत्यक्ष कामाला येतो तो ८ नंबरचा, कुटुंबाच्या संमतीचा. आणि तो पुढे ठेवायचा, तर आधी १० नंबरच्या नमुन्यावर चार डॉक्टरांच्या सह्या होऊन मेंदूमृत्यू जाहीर व्हावा लागतो. रॅली सातव्या नमुन्यासाठी निघते. अडतं ते दहाव्यापाशी.

संकल्पाला अजिबात किंमत नाही असं नाही. ऊतींच्या बाबतीत तो खरोखर उपयोगी पडतो. डोळ्यांची बुबुळं आणि त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घेता येते, मरण घरी आलं तरी चालतं, वयाचीही फारशी आडकाठी नसते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. मांड्या, पाय, पाठ यांवरून अगदी पातळ पापुद्रा काढतात, रक्तस्राव होत नाही, चेहऱ्याला हातही लावत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते आणि भाजून आलेल्या बाईच्या जखमांवर पहिलं पांघरूण म्हणून वापरली जाते. यासाठी घरच्यांना तुमची इच्छा माहीत असणं आणि पेढीचा फोन नंबर हाताशी असणं एवढं पुरतं. एक भानगड मात्र नेहमीची: देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे अवयवदानही त्यात आलंच, असं समजणारे चांगले शिकलेले लोक भेटतात. देहदान होतं १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली, मेडिकल कॉलेजच्या विच्छेदनासाठी. त्यांना देह अखंड हवा असतो. डोळे तेवढे दिलेले चालतात. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि त्यातली कोणती मिळेल हे मरण कुठे आणि कसं येतं त्यावर ठरतं.

आता मधली संस्था. अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. राज्यांनी ठराव करून तो मागून घ्यायचा होता. सुरुवातीलाच घेणाऱ्यांत गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र होते. म्हणजे आपण पहिल्या बाकावरचे. पुढे मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं उभी राहिली. वैद्यकीय वर्तुळात सगळे त्यांना झेडटीसीसी म्हणतात. या ना-नफा संस्था. माणसं मोजकी, काम चोवीस तासांचं. प्रतीक्षा यादी त्यांच्याकडे असते. एखाद्या रुग्णालयातून मेंदूमृत दात्याची खबर आली की रक्तगट, तातडी, यादीतले गुण पाहून कुठला अवयव कुणाला हे तिथून ठरतं. मग घड्याळाशी शर्यत. हृदय आणि फुप्फुसं बाहेर काढल्यावर चार ते सहा तास, यकृत बारा तासांच्या आत, मूत्रपिंड दिवसभर तग धरतं. यजमान रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर, वेगवेगळ्या शहरांतून येणाऱ्या टीम, पोलीस, रुग्णवाहिका, कधी विमान, हे सगळं फोनवरून जुळवायचं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय नेलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी ग्रीन कॉरिडॉरचे नकाशे छापले. रस्ता मोकळा करून धावणारी रुग्णवाहिका छायाचित्रात छान दिसते. त्याच्या आदल्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कोण काय बोललं, ते कुणी छापत नाही. खरं काम तिथे झालेलं असतं.

तिथेच थोडं थांबू. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं. तालुक्याच्या गावाहून हलवत हलवत मोठ्या शहरात आणलेला. बाहेर चटई, स्टीलचा डबा, सतत वाजणारे मोबाइल. आत डॉक्टर तपासतात: डोळ्यात बॅटरी मारली तर बाहुली आकसते का, बुबुळाला कापसाचं टोक लावलं तर पापणी मिटते का, कानात थंडगार पाणी सोडल्यावर डोळे फिरतात का, घशात नळी हलवली तर ठसका लागतो का. शेवटची श्वासाची चाचणी. व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा, छाती उघडी ठेवायची आणि मिनिटं मोजत बघत राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर चढला तरी छाती हलली नाही, तर मेंदूचा बुंधा गेला. हे सगळं किमान सहा तासांनी पुन्हा करायचं. तपासणाऱ्या चौघांत प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही चालत नाही.

एवढी काटेकोर पद्धत जगात फार ठिकाणी नाही. पण बाहेर बसलेल्या काकांना यातलं काही दिसत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच की आत पोराचं अंग गरम आहे, मॉनिटरवर रेघ चालू आहे, आणि एक ओळख नसलेली बाई येऊन म्हणतेय की तो गेला आणि त्याची मूत्रपिंडं द्याल का. कधी पाठीच्या कण्यातल्या प्रतिक्षिप्त क्रियेने पायाचा अंगठा हलतो. मग तर संपलंच. कायदा सांगतो की संमती जवळच्या नातेवाइकाची: पत्नी, आईवडील, भावंडं, मुलं. व्यवहारात निर्णय घेतो तो मामा, थोरला जावई किंवा स्पीकरवर टाकलेल्या फोनवरचा गावचा सरपंच. हे ज्या समन्वयकाला, म्हणजे घरच्यांशी बोलून अवयवांचं विचारणाऱ्या माणसाला, उमगलं नाही, त्याला शंभर पत्रकं दिली तरी उपयोग नाही.

पण समन्वयक बाकड्यापर्यंत पोहोचतो, हीसुद्धा आधीची बरीच वाट सुरळीत पार पडल्याची खूण. बहुतेक वेळा तो पोहोचतच नाही, कारण आत कुणी तपासण्या केलेल्याच नसतात. डॉक्टरच्या बाजूने बघा. सरकारी रुग्णालयातला आयसीयू भरलेला, व्हेंटिलेटरसाठी वॉर्डातून फोनवर फोन. मेंदूमृत रुग्णाचा रक्तदाब कोसळत असतो, लघवीवाटे पाणी ओतत असतं, अंग थंड पडत असतं. त्याला सांभाळणं जिवंत रुग्णाला सांभाळण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच कष्टाचं. चार सह्यांसाठी न्यूरोसर्जन शोधायचा. प्रकरण अपघाताचं, म्हणजे पोलिसांची ना हरकत, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. रात्री पोस्टमॉर्टेम करायला केंद्राने २०२१ च्या नोव्हेंबरात परवानगी दिली, तीही अवयवदानाला प्राधान्य देऊन, पण रात्री माणूस उभा करणं हे वेगळं काम. नातेवाईक भडकले तर मारहाणीची धास्ती. आणि एवढं करून त्या डॉक्टरच्या पदरात काय? काही नाही. न केलं तर? तेही काही नाही. रुग्ण दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडून जातो, कागदावर एक सरळ मृत्यू.

कायद्यात कमी नाही. २०११ च्या दुरुस्तीने आयसीयूतल्या डॉक्टरवर नातेवाइकांना विचारण्याची जबाबदारी टाकली. जिथे प्रत्यारोपण होत नाही, अशा रुग्णालयांतूनही अवयव काढता यावेत म्हणून वेगळी नोंदणी आणली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये शासन निर्णय काढून मेंदूमृत्यूची खबर देणं बंधनकारक केलं. बंधनकारक म्हणजे काय, तर न पाळल्यास विचारणारं कुणी असेल तेव्हा. झेडटीसीसीकडे तो अधिकार नाही. ती संस्था फोन वाजण्याची वाट बघू शकते, विनंती करू शकते, कार्यशाळा घेऊ शकते. मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूची फाइल उघडून ‘मार्चमधल्या या चार मृत्यूंत तपासणी का झाली नाही’ असं विचारायचं बळ तिला कुणी दिलेलं नाही. खबर देणाऱ्या रुग्णालयांशीच तिला रोज गोडीगुलाबीने वागायचं आहे. ती त्यांच्यावर पोलीस म्हणून बसणार कशी?

स्पेनचं नाव नेहमी गृहीत संमतीसाठी घेतलं जातं. तिथे १९७९ चा कायदा आहे: नको असेल तर तसं लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही दाताच. आपल्याकडेही हे आणा, अशी मागणी अधूनमधून उठते. पण स्पेनमध्ये कायदा १९७९ ला आला आणि दाते वाढले ते १९८९ नंतर, राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर. त्यांनी केलं काय? रुग्णालयारुग्णालयात आयसीयूतल्याच डॉक्टरला समन्वयक नेमलं, त्याच्या वेळेचे पैसे दिले, दुःखात बुडालेल्या माणसांशी कसं बोलावं याचं शिक्षण दिलं, आणि आयसीयूतल्या मृत्यूंची तपासणी लावली. कुटुंबाला विचारल्याशिवाय तिथे आजही हात लावत नाहीत. गृहीत संमती हा तिथे कागद आहे, काम माणसांनी केलं. आपल्यासारख्या देशात, जिथे साध्या उपचाराच्या संमतीपत्रावर न वाचता अंगठा घेतात, तिथे गृहीत संमती आणणं मला तर धोक्याचं वाटतं. पहिल्याच वादग्रस्त प्रकरणात सगळी चळवळ दहा वर्षं मागे जाईल.

विश्वासाचा प्रश्न हवेतला नाही. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात जिवंत दात्यांच्या मूत्रपिंडांच्या व्यवहारात खोटी नाती उभी केल्याची प्रकरणं गाजली. त्यांचा मरणोत्तर दानाशी संबंध नव्हता. झेडटीसीसीची यादी त्यात कुठे नव्हती. पण चटईवर बसलेला माणूस असा फरक करत बसत नाही. त्याच्या डोक्यात एकच येतं: किडनी, मोठं हॉस्पिटल, पैसा.

आणि त्याच्या संशयाला आपण स्वतः खतपाणी घालतो, हा माझा मुख्य मुद्दा आहे. भारतात मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणणारा कायदा एकच, अवयव प्रत्यारोपणाचा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातल्या मृत्यूच्या व्याख्येत त्याचा उल्लेख नाही. परिणाम असा की अवयव हवे असतील तरच मेंदूमृत्यू जाहीर करायचा, एरवी नाही, असा रिवाज पडला. कुटुंब नाही म्हणालं, तर डॉक्टर व्हेंटिलेटर काढायला कचरतात, मृत्यूचा दाखला देत नाहीत, आणि तोच माणूस, जो तासापूर्वी मेला होता, पुन्हा ‘गंभीर’ होतो. हृदय आपोआप थांबेपर्यंत खाट चालू, औषधं चालू, बिल चालू. आता सांगा, मामांनी काय समजायचं? दिले तर गेला, नाही दिले तर आहे. इतकं विचित्र गणित पुढे ठेवून आपण त्यांनाच अंधश्रद्धाळू म्हणायचं!

केरळने २०२० च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढून हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला: अवयवदान होवो न होवो, मेंदूमृत्यूची तपासणी आणि प्रमाणन करायचं. महाराष्ट्राने निदान एवढं तरी उचलावं. मेंदूमृत्यू झालाय हे कळणं हा त्या कुटुंबाचा हक्क आहे. त्याचा अवयवांशी संबंध नाही. आधी डॉक्टरने, फक्त डॉक्टरने, खुर्ची ओढून बसून सांगावं की तो गेला, आणि कसं कळलं तेही सांगावं. श्वासाची चाचणी घरातल्या एकाला बघू द्यावी. मग त्यांना रडायला वेळ द्यावा. त्यानंतर, वेगळ्या माणसाने, वेगळ्या बैठकीत अवयवांचं विचारावं. नकार आला तर मान द्यावा आणि देह सन्मानाने ताब्यात द्यावा. यात दाते कमी होतील, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. मला उलटं वाटतं, पण समजा कमी झालेच, तरी हीच पद्धत बरोबर.

आणखी एक बोचरी गोष्ट टाळता येत नाही. दाते बरेचदा दुचाकीवरून पडलेले, मजुरीवर जाणारे, लहान गावांतले. हृदय, फुप्फुसं, यकृत बसवलं जातं ते बहुतांशी खासगी रुग्णालयांत, लाखोंचा खर्च झेपणाऱ्याला. केईएममध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, महापालिकेच्या रुग्णालयात हृदय बदललं होतं. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षानंतर केईएममध्ये अशी शस्त्रक्रिया पुन्हा व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. छपन्न वर्षं! महात्मा फुले योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये साडेचार लाखांवर नेली, हे चांगलं झालं. पण पुढे आयुष्यभर घ्यायच्या गोळ्यांचं काय? सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपण वाढलं नाही, तर गरिबांकडे मागताना समन्वयकाची नजर खाली जाणारच. तमिळनाडूने २००८ पासून शासन आदेशांनी पद्धत बसवली आणि सरकारी रुग्णालयांना सोबत घेतलं. २०२३ पासून तिथे दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. तोफा-बिगुलांचं कौतुक मला जरा कमीच आहे, पण त्याआधीची पंधरा वर्षं त्यांनी नीट काम केलं, एवढं मान्य करायला हवं.

मरणोत्तर दान होत नाही, तेव्हा ते ओझं कुणावर पडतं, हेही पाहा. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत अवयव मिळालेले पुरुष २९,६९५ होते आणि स्त्रिया ६,९४५. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा देणाऱ्यांत मात्र बहुसंख्य बायका: बायको, आई, बहीण. डायलिसिसच्या खुर्चीवर नवरा असला की घरात कुणी काही न बोलता सगळे तिच्याकडे बघतात. आयसीयूत न झालेल्या प्रत्येक तपासणीचा भार अखेर तिच्यासारख्या कुणाच्या तरी कुशीवर टाक्यांच्या रूपाने येतो.

तेव्हा पुढच्या ऑगस्टला पालिकेने आणि आरोग्य खात्याने रॅलीचा खर्च जरा आवरावा. त्या पैशात जिल्हा रुग्णालयांत पूर्णवेळ, पगारी, टिकून राहणारे समन्वयक नेमावेत. सध्या हे काम अनेक ठिकाणी समाजसेवा अधीक्षकाच्या गळ्यात दहा कामांवर अकरावं म्हणून मारलेलं असतं. मेंदूमृत्यूच्या पॅनेलवरचे डॉक्टर शेजारच्या जिल्ह्यातून बोलावता यावेत, त्यांना गाडी आणि मानधन मिळावं. आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने दर सहा महिन्यांनी जाहीर करावं: आयसीयूत मेंदूच्या इजेने किती गेले, त्यातल्या किती जणांची तपासणी झाली, किती घरांना विचारलं, किती जण हो म्हणाले. नावं नकोत, नुसते आकडे द्या. तेलंगण आणि तमिळनाडूच्या शेजारी बसून ते वाचता येतील, मग जागृती कुणात कमी आहे ते बघू.

बिलाचंही ठरवून टाका. दात्याला सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्याच्या कुटुंबावर पडू नये, असं नियमच सांगतात. दुसरी श्वासचाचणी झाली, चार सह्या पडल्या, की त्या क्षणानंतरचा एक रुपयाही नातेवाइकांकडून घ्यायचा नाही, हे सर्वांना सारखं लागू करा. होकार देणाऱ्यांना, आणि नकार देऊन पोराला गावी घेऊन जाणाऱ्यांनाही.